नौकेची बैठक

पंचगंगेच्या खोऱ्यातील नौका हे वर्षातील सुमारे अकरा महिने जमिनीवर राहणारे वाहन आहे, ही वस्तुस्थिती नौकाविषयक ग्रंथांत सहसा नोंदलेली नसते, कारण असे ग्रंथ समुद्राकाठच्या लोकांनी लिहिलेले असतात आणि नौका पाण्यात असते हे त्यांना सिद्ध करावे लागत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत कोकणातील लहान नौका वाळूवर ओढून, तळाखाली माडाचे ओंडके सारून, दोन्ही कुशींना टेकू देऊन आणि वरून झापांनी शाकारून विसावलेल्या असतात. सह्याद्रीच्या अलीकडे मात्र नेमक्या त्याच काळात नौकेची आठवण होते. गगनबावड्याला पाऊस कोसळू लागला की घाटाखालची नौका विश्रांती घेते आणि घाटावरच्या नौकेच्या खोलीचे कुलूप काढले जाते. म्हणजे एकाच ढगाने एकीची रजा मंजूर केलेली असते आणि दुसरीची रद्द. फरक इतकाच की, नौकेला जमिनीवर कसे बसवावे हे कोकणातल्या मालकाला वाडवडिलांकडून ठाऊक असते, तर घाटावर ते ज्ञान दर जून महिन्यात नव्याने, आणि बहुधा घाईने, मिळवावे लागते.

या ज्ञानसाधनेच्या अभ्यासासाठी कसबा बावड्याइतके योग्य ठिकाण सापडणे कठीण. कोल्हापूर शहराच्या उत्तर अंगाला, महापालिकेच्या हद्दीत असूनही गावपण न सोडलेल्या या वस्तीत राजर्षी शाहू महाराजांचे जन्मस्थान असलेला लक्ष्मी विलास पॅलेस आहे, राजाराम सहकारी साखर कारखाना आहे, आणि नदीवर राजाराम बंधारा आहे. हा बंधारा कोल्हापूर पद्धतीचा, म्हणजे नदीपात्रात दगडी खांब उभारून त्यांच्या खाचांत पावसाळा सरल्यावर बरगे, अर्थात आडव्या फळ्या, बसवून पाणी अडविण्याचा आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी तेच बरगे काढून नदीला वाट मोकळी करून देण्याचा. पंचगंगेची पूरपातळी याच बंधाऱ्यावर मोजली जाते: 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. जुलै महिन्यात कोल्हापुरातील दोन माणसे भेटली की प्रकृतीची चौकशी मागे राहते आणि ‘किती फुटावर आलंय?’ हा प्रश्न पुढे येतो. त्याचे उत्तर नुसत्या फुटांत दिले तर ते अपुरे मानले जाते, इंचही सांगावे लागतात, आणि राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी कितवा उघडला हे जोडीला सांगता आले तर सांगणाऱ्याला चहा मिळण्याचा संभव वाढतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये ही पातळी 55 फुटांपलीकडे गेली होती. त्या दिवसांत विनोदाला जागा नव्हती व आजही नाही; प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे तो उरलेल्या कोरड्या महिन्यांचा, ज्यांत नदीची उंची इंचांत मोजणारे हेच लोक नौकेच्या तळाखाली काय ठेवावे हा प्रश्न ‘चालतंय की’ या दोन शब्दांत निकाली काढतात.

खोऱ्यात वापरल्या जाणाऱ्या जलवाहनांपैकी रबरी नौका या चर्चेतून प्रारंभीच वगळणे इष्ट आहे, कारण हवा काढली की ती घडी घालून पोत्यासारखी ठेवता येते आणि तिच्या बैठकीचा प्रश्न कपाटाच्या फळीपाशी संपतो. लाकडी होडी अवजड पण सोशिक असते. तिच्या फळ्या, खिळे आणि सांध्यांतील काथ्या थोडेसे इकडे-तिकडे सरकून जमिनीशी जुळवून घेतात. खरा पेच फायबरच्या नौकेचा. आणि तिच्याकडे वळण्यापूर्वी एका चौथ्या वाहनाचा उल्लेख करणे आवश्यक आहे, ज्याची नोंद कोणत्याही नौकानोंदणीत होत नाही, ते म्हणजे काहील.

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवून गूळ करण्याची पसरट, सपाट बुडाची लोखंडी कढई. तिच्यात तीन-चार माणसे सहज बसतात, आणि नदीकाठच्या गावांत पुराच्या वेळी माणसे व भांडीकुंडी अलीकडून पलीकडे नेण्यासाठी ती पाण्यात उतरविली जाते. तिला पुढचे टोक नाही, मागचे नाही, सुकाणू नाही. प्रवाहात सापडली तर ती स्वतःभोवती गरगर फिरते, म्हणून तिचा वापर करू नये असे शहाणी माणसे सांगतात आणि पाणी उंबऱ्याला लागले की तीच माणसे तिच्यात बसतात. परंतु नौका म्हणून इतकी सदोष असलेली ही वस्तू एका बाबतीत जिल्ह्यातील सर्व नौकांहून भाग्यवान आहे. तिची जमिनीवरची बैठक तिच्या मापाने बांधलेली असते. गुऱ्हाळाचे चुलवाण, म्हणजे चिपाडाच्या जळणावर चालणारी जमिनीतील मोठी भट्टी, काहिलीच्या घेराला धरून विटा-मातीने रचतात. काठ सर्व बाजूंनी सारखा टेकतो की नाही हे पाहून फटी चिखलाने लिंपतात, आणि कुठे बोटभर चढउतार राहिला तर गुळव्या, म्हणजे गूळ करणारा जाणता कारागीर, रसाचे पहिले आधण चढविण्याआधी तो मोडून पुन्हा घालायला लावतो, कारण काहील कलती राहिली तर रस एका बाजूला करपतो आणि दुसऱ्या बाजूला कच्चा राहतो. जी कढई तरंगण्यासाठी घडविलेलीच नाही तिला इतकी काटेकोर बैठक, आणि जी नौका केवळ तरंगण्यासाठी घडविलेली आहे तिला जुना टायर: खोऱ्यातील नौकाव्यवस्थेचे सार एवढ्यात सांगता येते.

टायर हा शब्द येथे अतिशयोक्ती म्हणून वापरलेला नाही. घाटावर फायबरच्या नौकेची ने-आण बहुधा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वा टेम्पोतून होते. हंगामात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडी संपणाऱ्या गाळपात, ही ट्रॉली ऊस वाहते. पावसाळ्यात ती मोकळी असते आणि त्याच काळात नौकेला वाहन हवे असते, त्यामुळे या दोघींची सोयरीक जमणे स्वाभाविकच. अडचण अशी की, ट्रॉलीचा हौदा सपाट व चौकोनी असतो, आणि नौकेचा तळ मध्ये खाली उतरलेला, दोन्ही बाजूंना वर चढत गेलेला, पुढे निमुळता व मागे रुंद, असा सर्व बाजूंनी सपाटीचा विरोधक असतो. हा विरोध मिटविण्यासाठी हौद्यात जे जे घातले जाते त्याची यादी केली तर ती तालुक्याच्या अर्थव्यवस्थेची यादी होईल: उसाचे पाचट, सिमेंटची रिकामी पोती, जुने टायर, घरातून निवृत्त झालेली गादी, क्वचित एखादी वाकळ, आणि सर्वांत शेवटी, नौका हलू नये म्हणून, दोन्ही बाजूंना ठोकलेले लाकडी ठोकळे.

या ठोकळ्यांनी काय होते हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. समजा, एका फायबरच्या नौकेचे यंत्रासह वजन 500 किलो आहे आणि पाण्यात तिच्या तळाचा सुमारे 4 चौरस मीटर भाग भिजतो. तर पाणी तिला दर चौरस मीटरला सरासरी 125 किलो अशा हलक्या हाताने उचलून धरते, आणि हा हात तळाच्या प्रत्येक वळणाशी आपोआप जुळतो. पाण्याइतका निष्णात सुतार अद्याप जन्मलेला नाही. हीच नौका दोन ठोकळ्यांवर टेकली आणि प्रत्येक ठोकळ्याचा टेकलेला भाग 10 सेंटीमीटर लांब व तेवढाच रुंद धरला, तर दाब दर चौरस मीटरला 25,000 किलो होतो, म्हणजे दोनशे पट. त्यातही हे गणित ट्रॉली उभी असतानाचे. ती बावड्याहून शिये गावाच्या रस्त्याने निघाली आणि एखाद्या खड्ड्यात उतरली की त्या क्षणी तळावर किती भार येतो, हे रस्त्याची देखभाल करणाऱ्यांनाच विचारलेले बरे.

फायबर म्हणजे काचेच्या तंतूंचे थर राळेत भिजवून घट्ट केलेले कवच. ते ताठ असते, हलके असते आणि काही मिलिमीटर जाडीचेच असते. पसरून आलेला भार ते आनंदाने सोसते, एका जागी आलेला मात्र ते मनात धरून ठेवते. कोल्हापुरी चप्पल नवी असताना पायाला चावते, पण महिनाभराने चामडे नमते आणि चप्पल पायाचा आकार घेते. नौका आणि ठोकळा यांच्या सहवासात उलटे घडते, येथे ठोकळा नमत नाही, नौका नमते. ऊन, वजन आणि महिने यांच्या संयुक्त प्रयत्नांनी तळाला खळगे पडतात, राळेच्या वरच्या गुळगुळीत थरावर केसासारख्या बारीक चिरा उमटतात, आणि मागच्या बाजूला, जेथे यंत्राचे वजन लोंबत असते, तेथे आधार अपुरा असल्यास नौकेची पाठ आधाराच्या टोकावरून खाली झुकते. तळाला असा अंतर्वक्र बाक आला की त्याचे परिणाम पाण्यात दिसतात. वेगाने जाणाऱ्या नौकेने नाक किंचित वर ठेवावे अशी अपेक्षा असते. बाक आलेल्या तळाखालचे पाणी तिची मागची बाजू उचलते आणि नाक खाली दाबते, त्यामुळे नौका जड चालते, पाणी उडवते आणि इंधन पिते. चालविणारा त्याचा दोष यंत्राला देतो, यंत्र दुरुस्त करणारा तेलाला देतो, आणि तेल विकणारा पावसाला देतो. ठोकळा या चौकशीत कधीही सापडत नाही.

यावरील उपाय जगात ठाऊक आहे. अमेरिकेसारख्या देशांत, जेथे असंख्य कुटुंबे नौका घरामागे ठेवतात आणि सुटीच्या दिवशी मोटारीला जोडून तळ्यावर नेतात, तेथे नौकेसाठी खास ट्रेलर असतो. या ट्रेलरला हौदा नसतो. नुसता लोखंडी सांगाडा असतो, आणि त्यावर लांबीच्या दिशेने, एकमेकींना जवळपास समांतर अशा दोन किंवा चार लाकडी फळ्या जाड कापडात गुंडाळून बसविलेल्या असतात. यांना येथे आधारफळ्या म्हणू. नौका या फळ्यांवर पोटाने निजते. अडीच मीटर लांब व 9 सेंटीमीटर रुंद अशा दोन फळ्यांनी वरील नौकेचा भार घेतला, तर दाब दर चौरस मीटरला सुमारे 1,100 किलो येतो. पाण्याच्या तुलनेत हे नऊपट असले तरी ठोकळ्यांच्या तुलनेत ते माहेरच म्हणावे लागेल. अट एवढीच की फळी तळाला तिच्या पूर्ण लांबीभर टेकली पाहिजे. ती एका टोकालाच टेकली तर तिची किंमत ठोकळ्याइतकीच, आणि खर्च मात्र फळीचा.

म्हणून ही फळी पक्की न बसवता जुळवता येईल अशी बसवितात. तिच्याखाली उभे खुंट असतात, ते यू-बोल्टने, म्हणजे सांगाड्याला मिठी मारणाऱ्या वाकड्या बोल्टने, आवळलेले असतात. नट सैल केले की खुंट वर-खाली होतो, आत-बाहेर सरकतो आणि माथ्याशी फळी हवी तशी कलती करता येते. जुळवणीची रीत सांगायला सोपी आहे. आधी नौकेतील सर्व सामान काढावे, कारण ज्या नांगराचे, दोरखंडाचे आणि मागच्या वर्षीच्या ताडपत्रीचे अस्तित्व सगळे विसरलेले असतात त्यांचेही वजन असते. मग सांगाडा सपाट जागी आणून पाणसळ लावून दोन्ही दिशांनी समपातळीत घ्यावा. नौका नरम गादीवरून जॅकने अलगद उचलून धरावी, नट सैल करावेत, आणि प्रत्येक फळी तळाला लांबीभर लागेपर्यंत वर घ्यावी. फळी आणि तळ यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून पाहिली असता ती कोठेही मोकळी जाता कामा नये. फळ्या तळाच्या आतून लांबीने गेलेल्या ताठ फासळ्यांच्या बरोबर खाली याव्यात, दोन फासळ्यांमधल्या पोकळ भागाखाली नव्हे, आणि तळाला बाहेरून जे उभार पट्टे असतात त्यांच्यावर तर मुळीच नव्हे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फळ्यांची मागची टोके नौकेच्या मागच्या उभ्या फळीपर्यंत पोहोचली पाहिजेत, कारण यंत्राचे वजन तेथे आहे, आणि चार इंच वाचविण्याच्या काटकसरीतूनच वर सांगितलेला बाक जन्माला येतो. मधल्या कण्याखाली रूळ असल्यास त्यांनी नौकेला वाट दाखवावी, सगळे ओझे डोक्यावर घेऊ नये. सारे जमले की नट आळीपाळीने, थोडे थोडे करून, आवळावेत.

ही रीत अमलात आणण्याची पाळी येते तेव्हा नौका आणि सांगाडा यांना शिवाजी उद्यमनगराची वाट धरावी लागते. ऑइल इंजिने आणि बिडकाम यांच्या बळावर वाढलेल्या या वसाहतीत न होणारे काम नाही असा कोल्हापूरकरांचा विश्वास आहे, आणि तो निराधार नाही. 1918 साली बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा देखील बाहेरून न मागवता याच शहरात घडविला होता. ज्या गावाने कॅमेरा घडविला त्याला ट्रेलरचे काय ओझे? ओझे एकाच गोष्टीचे आहे: सैल करता येणाऱ्या नटाचे. वेल्डिंगच्या कलेत पारंगत असलेल्या कारागिराला पुढे कधी तरी हलवावी लागेल अशी वस्तू ही अर्धवट वस्तू वाटते. यू-बोल्ट हातात घेऊन तो दोन्ही बाजूंनी पाहतो, त्याच्या चेहऱ्यावर सौम्य करुणा दाटते, आणि मग ते सुप्रसिद्ध आश्वासन येते: “ह्येला वेल्ड मारून टाकूया. जन्मात हलायचं न्हाई.” ते खरे असते. तसे वेल्ड मारलेले खुंट खरोखरच हलत नाहीत. पुढच्या वर्षी नौका बदलली, यंत्र जड आले, किंवा तळाचा कोन वेगळा निघाला, तरी ते हलत नाहीत. लाकडी फळीऐवजी लोखंडी चॅनेल बसविण्याची सूचनाही याच सद्‌भावनेतून येते. लाकडाची फळी भाराखाली किंचित वाकते आणि त्या वाकण्यानेच ती तळाच्या लांबट वळणाशी जुळते, हे तिचे वैगुण्य नसून गुण आहे. परंतु जो गुण वाकण्यात आहे तो कोल्हापुरात पटवून देणे अवघड जाते.

मापाच्या बाबतीत मात्र येथील कारागीर कोणाला हार जाणारा नाही. त्याचे एकक आहे सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. पुराचे पाणी इंचांत आणि आधारफळी सुतांत, अशी या गावाची विभागणी आहे, आणि एकदा त्याला काम पटले की तो डाव्या फळीला एक सूत, उजव्या फळीला दीड सूत, अशा चढउतारांनी नौकेला असे बसवितो की कागदाची पट्टी खरोखर आत जात नाही. येथपर्यंत सर्व ठीक असते. बिघाड सुरू होतो तो प्रेक्षकांमुळे.

कारण नौका ही वस्तू रस्त्याच्या कडेला उभी राहिली की ती सार्वजनिक होते. ट्रॅक्टर बिघडला तर पाहणारे दोन, मोटार बिघडली तर चार. पण समुद्रापासून इतक्या दूर, कोरड्या जमिनीवर, जॅकवर उचलून धरलेली नौका पाहिल्यावर पुढे निघून जाण्याची ताकद फारच थोड्यांत असते. जमलेल्यांमध्ये साधारणपणे तीन पंथ आढळतात. पहिला डोळ्यांचा: “मिस्त्री, डाव्या अंगाला जरा चढ आलाय बघा,” असे म्हणणारा, त्याच्यासमोर उभा असलेला गृहस्थ तोच चढ उजव्या अंगाला पाहत असतो, आणि पाणसळेतील बुडबुडा या दोघांच्या मधोमध शांत बसलेला असतो, पण त्याला कोणी विचारत नाही. दुसरा पंथ अनुभवाचा. यातील सभासदाने काहिलीतून पूर पार केलेला असतो आणि नौकेला कसलाच आधार लागत नाही असे त्याचे मत असते, कारण काहिलीला पाण्यात तो लागला नव्हता. तिसरा पंथ निवृत्तांचा. बांधकाम किंवा पाटबंधारे खात्यात उमेद घालविलेला हा गृहस्थ हात मागे बांधून बराच वेळ काही बोलत नाही, आणि सगळे नट आवळून झाल्यावर “चाकाचा आख थोडा मागे हवा होता,” एवढेच सांगून निघून जातो. दुर्दैवाने तोच बहुधा बरोबर असतो.

आखाचा, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याचा, हा मुद्दा आधारफळ्यांपासून वेगळा काढता येत नाही. फळ्या मागे-पुढे सरकविल्या की नौका मागे-पुढे सरकते, आणि नौका सरकली की भाराचा मध्य आखाच्या पुढे पडतो की मागे हे बदलते. बैलगाडी हाकणाऱ्या पिढीला हे कोणत्याही पुस्तकावाचून माहीत होते: मागे जड झालेली गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते आणि गाडी मागे बसते. ट्रेलरचे तसेच आहे, फक्त बैलांच्या जागी ट्रॅक्टरचा किंवा जीपचा हूक असतो आणि तो तक्रार करत नाही. तो उचलला जातो आणि मागे ट्रेलर रस्त्यावर डावी-उजवीकडे झुलू लागतो. म्हणून एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के भार हुकावर असावा असा नौकांच्या ट्रेलरबाबत संकेत आहे, म्हणजे नौका व ट्रेलर मिळून 800 किलो असतील तर 40 ते 80 किलो. हा भार मोजण्यासाठी गोण्या तोलण्याचा काटा दांडीच्या टोकाखाली ठेवला तरी पुरतो, आणि बावड्यात असा काटा शोधायला फार चालावे लागत नाही.

फळ्यांवर गुंडाळायच्या कापडाबाबत स्थानिक परंपरा समृद्ध आहे. परदेशी ट्रेलरवर पाण्याने न कुजणारा खास गालिचा असतो. येथे गणेशोत्सवाच्या मंडपातील हिरवे मॅटिंग आपले उर्वरित आयुष्य या सेवेत घालविते, आणि ते उत्तम काम देते. बारदान मात्र टाळावे, कारण ते ओल धरून ठेवते, आणि फळी आतून कुजल्याचे ती मोडेपर्यंत कळत नाही. स्क्रूची डोकी लाकडात बुडालेली असावीत, अन्यथा दर प्रवासात नौकेच्या तळावर त्यांची स्वाक्षरी उमटते. नौका अल्युमिनियमची असल्यास तांबेयुक्त औषध मुरविलेले लाकूड तिच्या तळाला लागू देऊ नये. ओलावा मिळाला की तांबे अल्युमिनियमला खाते, आणि हे खाणे मॅटिंगखाली कोणाच्या नजरेला न पडता चालू राहते.

नौका पाण्यात उतरविण्याचा प्रश्न परदेशात उतरत्या फरसबंदीने सुटलेला आहे: ट्रेलर मागे घेत पाण्यात न्यायचा, फळ्या बुडाल्या की नौका आपोआप तरंगते. पंचगंगेच्या घाटाला पायऱ्या आहेत, आणि पायऱ्यांवरून ट्रेलर उतरविण्याची कल्पना फक्त उत्साही माणसाला सुचते. परंतु ज्या वेळी नौका लागते त्या वेळी घाटच पाण्याखाली असतो, आणि नदी स्वतःच उतरत्या रस्त्यांपर्यंत चालत आलेली असते; शहरात सुतारवाड्यापाशी, बावड्याकडे शियेच्या रस्त्यावर, डांबर जेथे पाण्यात शिरते ती कड म्हणजेच त्या वर्षीचा धक्का. तेथे ट्रेलर सरळ मागे घेणे हे काम दिसते त्याहून अवघड आहे, कारण ट्रेलर मागे घेताना सुकाणूचक्र ज्या दिशेला फिरवावे त्याच्या उलट दिशेला तो वळतो, आणि हे डोक्याला कळले तरी हातांना कळायला काही हंगाम जावे लागतात. येथे कसबा बावड्याचा भूगोल मदतीला येतो. कारखान्याच्या आवारात रात्री-अपरात्री, मागेपुढे ऊसगाड्यांची रांग असताना, वीतभर जागेतून भरलेली ट्रॉली मागे घेणारे चालक याच रस्त्यांवर वाढलेले आहेत; तेव्हा चालविणाऱ्याची उणीव नाही. त्याला एकच गोष्ट सांगावी लागते: लांबून ओढत आणलेल्या ट्रेलरच्या चाकांतील बेरिंग तापलेले असते, ते तसेच थंड पाण्यात बुडविले की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते, ग्रीस पांढरे पडते, आणि पुढच्या वर्षी चाक फिरण्याऐवजी रडते. म्हणून पाण्याच्या कडेला थोडा वेळ थांबावे. पूर आलेला असताना थांबा म्हणणाऱ्याचे कोण ऐकतो, हा प्रश्न तांत्रिक नसल्याने येथे सोडून द्यावा लागेल.

कागदोपत्री नौकेची स्थिती काय असते हेही पाहण्यासारखे आहे. शासकीय वा निमशासकीय संस्थेच्या मालकीची नौका टेबल, खुर्ची आणि लोखंडी कपाट यांच्यासह जडवस्तू नोंदवहीत नोंदविली जाते, आणि वर्षातून एकदा ती जागेवर आहे किंवा नाही एवढे तपासले जाते. नौकेसाठी जागेवर असणे हा सद्‌गुण कसा ठरतो याचा खुलासा नोंदवहीत नसतो. नौका घेण्यासाठी तरतूद होते, यंत्रासाठी होते, तरंगणाऱ्या जाकिटांसाठीही होते; पण दोन फळ्या, आठ यू-बोल्ट आणि सहा मीटर मॅटिंग यांना कोणत्या शीर्षाखाली घालावे हे ठरत नाही, कारण त्या नौकेच्या नाहीत, वाहनाच्या नाहीत आणि इमारतीच्याही नाहीत. त्यामुळे त्या बहुधा किरकोळ खर्चात बसतात, म्हणजे ज्याच्या खिशातून जातात त्याच्या लक्षात राहतात, बाकी कोणाच्या नाही.

एवढे सगळे झाल्यावर, म्हणजे फळ्या सुतासुताने जुळल्यावर, आख सरकल्यावर, पहिल्या काही किलोमीटरांनंतर सैल झालेले नट पुन्हा आवळल्यावर, जाणता मिस्त्री आणखी एक काम करतो. प्रत्येक खुंट सांगाड्याला जेथे भेटतो तेथे तो पिवळ्या रंगाने एक आडवी रेघ ओढतो, अर्धी खुंटावर, अर्धी सांगाड्यावर. नट कधी सैल झाले, फळी हलली किंवा दुरुस्तीसाठी काढावी लागली, तर दोन अर्ध्या रेघा पुन्हा एका ओळीत आणल्या की काम भागते, आणि ज्याने जुळवणी पाहिलेली नाही त्यालाही ती करता येते. ही युक्ती बिनखर्चाची आहे. पुढच्या वर्षी पावसाळ्यापूर्वीची पाहणी ठरते, साहेब येणार असे कळते, आणि आदल्या दिवशी ट्रेलरला खुंटांसह, नटांसह, रेघांसह, वरपासून खालपर्यंत नवा निळा रंग दिला जातो.